सीमेवरच्या शाळा आणि नियमांची लवचीकता

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा त्यांची अपेक्षा आठवणींची असणार, हे मी समजून आहे. मी याच वसतिगृहाची विद्यार्थिनी. पहाटेची वंदना, थंडीतले हौदाचे पाणी, रविवारी भेटीला येणारे पालक आणि त्यांच्या पिशवीतले मुरमुरे, हे सारे माझ्याकडेही आहे. परंतु त्या आठवणी माझ्याहून सरस लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. गेली एकोणतीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवीत आहे. या नोकरीत एक प्रश्न सतत माझ्या सोबतीला राहिला, त्याविषयी लिहावे असे वाटते. सरकारी शाळेत काही नवे करावयाचे झाले तर नियम किती वाकावेत, कोणते वाकावेत आणि कोणते मुळीच वाकू नयेत, हा तो प्रश्न होय.

आठवणींपैकी एकच सांगते, कारण ती विषयाला धरून आहे. आमच्या वेळचे अधीक्षक सर शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध होते. तरीही रोवणा आटोपल्यावर, म्हणजे ऑगस्टच्या मध्याला, वसतिगृहात येणाऱ्या मुलींना त्यांनी उशीर झाला म्हणून कधी परत पाठविले नाही. रात्रीच्या जेवणानंतर ते स्वतः दीड तास बसून त्या मुलींचा मागे पडलेला अभ्यास करून घेत. वसतिगृहाच्या छापील नियमावलीत तो तास नव्हता. त्या तासाला बसलेल्या मुलींपैकी मी एक.

पुढे इतिहासात एम. ए. करीत असताना विनयपिटक वाचण्याचा योग आला आणि महावग्गातील सोण कुटिकण्णाची कथा वाचून मला ते अधीक्षक सर आठवले. कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. सोण हा अवंतीचा. महाकच्चान थेरांचा शिष्य. त्याला उपसंपदा हवी होती आणि नियमाप्रमाणे त्यासाठी दहा भिक्खूंचा संघ लागे. अवंतीसारख्या दूरच्या मुलखात दहा भिक्खू एकत्र मिळेनात. तीन वर्षे गेली, तेव्हा कोठे संख्या भरली. पुढे सोण तथागतांच्या दर्शनाला निघाला, तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याबरोबर काही विनंत्या पाठविल्या. आमच्याकडे भिक्खू थोडे आहेत, तेव्हा कमी संख्येत उपसंपदा व्हावी. आमच्याकडची जमीन काळी, कठीण, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली, तेव्हा जाड तळव्याच्या वहाणा चालाव्यात. आमच्याकडे लोक स्नानाला महत्त्व देतात, तेव्हा वरचेवर स्नान करण्याची मुभा असावी. बुद्धांनी या विनंत्या मान्य केल्या. सीमेवरच्या जनपदांत दहाऐवजी पाच भिक्खू पुरेत, मात्र त्यांत एक विनयाचा जाणकार असावा, असे ठरले.

या कथेत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. मध्यदेशात दहाचा नियम तसाच राहिला. सवलत सीमेसाठी होती आणि तिचे कारण जमिनीत, लोकांत, संख्येत होते. दुसरे म्हणजे, पाच चालतील, पण विनय जाणणारा एक हवाच, ही अट सुटली नाही.

आपला गोंदिया जिल्हाही सीमेवरचा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघालेला, एका बाजूला मध्य प्रदेश आणि दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. आठ तालुके. भात, तलाव आणि जंगल. पहिलीच्या वर्गात बसलेले मूल घरी पोवारी बोलते, कोणी गोंडी, कोणी छत्तीसगडी, कोणी आपली झाडीबोली. बाजारात हिंदी. पाठ्यपुस्तक मात्र पुण्याहून येते, वेळापत्रकही तिकडूनच. त्यात कोणाचा दुष्टपणा आहे असे मी म्हणत नाही. एका राज्याचे एक पुस्तक असावे, यामागे समतेचाही विचार आहे. पण आमची जमीन कठीण आहे आणि वहाणा पातळ आहेत, एवढे सांगण्याची सोय हवी.

मी सध्या जेथे आहे ती शाळा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील एका गावात, पहिली ते सातवीची. मी तेथे रुजू झाले त्या पहिल्या पावसाळ्यात जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाचवी ते सातवीचे वर्ग अर्ध्याहून अधिक रिकामे झाले. हजेरीपटावर लाल शाईच लाल शाई. सहकारी म्हणाले, दरवर्षीचेच आहे, रोवणा संपला की येतील. मी घरोघरी गेले. एका आईने चिखलाचे हात पदराला पुसत मला सांगितले, “बाई, रोवणा पंधरा-वीस दिवसाचा; तुमची शाळा तं सालभर रायते.”

तिचे म्हणणे प्रथम मला नेहमीची सबब वाटली. पण दोन-चार घरे आणखी फिरल्यावर चित्र निराळे दिसू लागले. बहुतेक घरांत मुलांना मजुरीला नेलेले नव्हते. झाले होते ते असे. बायका सकाळी आठला बांधीवर जातात. पऱ्हे उपटणाऱ्या बायका तर त्याहून लवकर. घराला कुलूप लागते ते आठला आणि शाळा उघडते साडेदहाला. मधल्या अडीच तासांत नऊ-दहा वर्षांच्या मुलीने दोन वर्षांच्या भावाला घेऊन कोठे बसावे? ती आईबरोबर बांधीच्या धुऱ्यावर जाते. आणि एकदा धुऱ्यावर गेलेले मूल साडेदहाला दीड किलोमीटर चालून शाळेत परत येत नाही. दुपारी पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहून देऊ लागते, पुढच्या वर्षी रोवू लागते. तेव्हा मुलांच्या गैरहजेरीचे मूळ रोवण्यापेक्षा त्या अडीच तासांत होते.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय ठेवला. समितीत कायद्यानेच तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. एरवी त्या सभेत बायका सही करून उठतात, त्या दिवशी मात्र त्याच बोलल्या. ठराव असा झाला की, रोवण्याचे तीन आठवडे शाळा सकाळी आठला भरावी आणि तीनला सुटावी, मधली सुट्टी मोठी असावी. अंगणवाडीताईंनी धाकट्या मुलांना त्याच वेळी शाळेच्या ओसरीवर घ्यावे. अंगणवाडीताई गावातल्याच, त्यांनी होकार दिला. अडचण आली ती आम्हा शिक्षकांची. आमच्यापैकी दोघे तालुक्याहून येणारे. आठच्या आधी गावात पोहोचणारी एसटी नाही. मुख्यालयी राहण्याचा नियम आपल्या खात्यात किती निष्ठेने पाळला जातो, याविषयी या स्मरणिकेत लिहिणे नको. असो. एका सहकाऱ्याने दुचाकी काढली, दुसऱ्यांनी तीन आठवडे गावातच खोली घेतली.

त्या वर्षी रोवण्यात पाचवी ते सातवीचा एकही वर्ग निम्म्याखाली गेला नाही. पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खुलासा सादर करण्याचे पत्र आले. शाळेची वेळ कोणाच्या परवानगीने बदलली? पत्रावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांविषयी मला राग नाही. त्यांच्या टेबलावर वेळेचे परिपत्रक होते आणि आम्ही त्याबाहेर गेलो होतो. खुलासा लिहिण्यासाठी मी शिक्षण हक्क कायदा मुळातून वाचला. नोकरीतील इतक्या वर्षांत त्याविषयीची प्रशिक्षणे झाली होती, पण अनुसूची कोणी उघडून दाखविली नव्हती.

२००९ च्या या कायद्याच्या अनुसूचीत घड्याळ नाही. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास, शिक्षकाने आठवड्याला तयारीसह ४५ तास द्यावेत, एवढेच तेथे आहे. ते तास सकाळी आठला सुरू व्हावेत की साडेदहाला, याविषयी संसदेने एक अक्षर लिहिलेले नाही. मी आमच्या तासांची बेरीज मांडली, ती किमान मर्यादेहून अधिक भरत होती. समितीचा ठराव जोडला, हजेरीचा तक्ता जोडला आणि खुलासा पाठविला. त्यावर पुढे काहीच आले नाही. आपल्याकडे मौनाला संमती समजण्याची रीत आहे. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा आठला घंटा दिली.

या प्रसंगाने माझ्या मनात एक गोष्ट ठसली. आपण ज्याला नियमांचा ताठरपणा म्हणतो तो पुष्कळदा मूळ कायद्यात नसतो. कायदा बराच मोकळा असतो. खाली येता येता शासन निर्णय, परिपत्रक, मार्गदर्शक सूचना, आढावा सभेतील तोंडी आदेश आणि आता मोबाइलवरचा संदेश, असे थर चढत जातात आणि शाळेच्या दारापाशी तो कायदा सिमेंटसारखा घट्ट होऊन पोहोचतो. मूल्यमापनाचेच पाहा. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात आकारिक मूल्यमापनासाठी निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प अशी आठ साधने दिलेली आहेत. शिक्षकाने मुलाला पाहून साधन निवडावे, अशी त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात बाजारात छापील नोंदवह्या आल्या, तयार वाक्यांचे संच आले आणि ‘वर्गकार्यात आवडीने सहभागी होतो’ हे एकच वाक्य चाळीस मुलांच्या नावापुढे चढू लागले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटू नये. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील निकालाशी जोडले. तपासनीस वर्षातून एकदा येणार, वाचन, लेखन, अंकगणित तपासणार आणि त्यावर पैसे ठरणार. मॅथ्यू अर्नोल्ड हे कवी स्वतः शाळा तपासनीस होते. या पद्धतीने शाळा यांत्रिक होतात, असे ते आपल्या अहवालांतून सांगत राहिले. ती पद्धत तेथे शतकाच्या अखेरीस मोडीत निघाली. दरम्यान ती आपल्या मुंबई इलाख्यातही येऊन रुजली होती. मुलाला काय समजले यापेक्षा तपासनिसाला काय दाखविता येते, ही वृत्ती आपल्या खात्यात तेव्हाची आहे. साहेब गेला, भेटीच्या आदल्या दिवशी भिंती सारवणे राहिले.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शाळेतील अभ्यासक्रमाविषयी नेमक्या सूचना आहेत. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल, आणि त्याबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान. खेड्यातील शिक्षण व्यवहाराला उपयोगी पडणारे असावे, शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, असा त्यांचा आग्रह होता. मुलाच्या जगण्याला धरून शाळा आखा, ही मागणी म्हणजे काही परदेशातून आलेली नवी फॅशन नव्हे. (अलीकडे कोणत्याही शैक्षणिक व्याख्यानात दहाव्या मिनिटाला फिनलंड येते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.)

बाबासाहेबांचे उदाहरण तर आपल्या घरचे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. दाखल किती झाले यापेक्षा टिकले किती, हा त्यांचा प्रश्न. त्याआधी, जानेवारी १९२५ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले ते याच टिकण्यासाठी. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, पुढच्या वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून सकाळच्या वर्गांची सोय झाली. पुढे रात्रशाळाही निघाली. विद्यापीठाची परीक्षा तीच, अभ्यासक्रम तोच, दर्जाशी तडजोड नाही. बदलले ते घड्याळ. कोलंबियात ज्यांच्या वर्गात बाबासाहेब बसले त्या जॉन ड्युई यांनी १८९६ सालीच शिकागोमध्ये स्वतःची प्रयोगशाळा-शाळा काढून पाहिली होती, हेही येथे आठवते.

आणि ज्यांची मुले शाळेपर्यंत येऊच शकत नव्हती त्यांच्याकडे शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी काम केले. मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणशाळा निघाली. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली वर्ग चालला आहे. मी नोकरीच्या सुरुवातीला त्याविषयी वाचले तेव्हा ते मला गोड वाटले होते. आज विचार करते तेव्हा वाटते, त्या वर्गाचा हजेरीपट कोणत्या नमुन्यात भरला असता? कुरणाला यू-डायस क्रमांक कोण देणार?

आपल्याच राज्यात, आपल्याच जिल्हा परिषदांच्या शाळांत, मोकळीक मिळाली की काय घडते हे दिसलेलेही आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादाचे काम उभे केले. मुले फरशीवर बसून, साहित्य हाताळून, आपापल्या गतीने शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते पाहायला गेले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयामागे अशा कामांची प्रेरणा होती आणि त्याचा सूर मला आजही आवडतो: मूल शिकले पाहिजे, कसे शिकवायचे ते शिक्षकाने ठरवावे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटविला, तेव्हा त्यांना तसे करण्याचा आदेश नव्हता. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत ते कोड छापून येऊ लागले आणि २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला.

मात्र कुमठ्याचे पुढे आमच्याकडे काय झाले? दोन वर्षांत आमच्या केंद्रातील सगळ्या शाळांच्या फरशांवर एकसारखी वर्तुळे रंगली. तीच अक्षरे, तेच आकडे, तोच पिवळा रंग. ज्या शाळेत सात मुले होती तेथेही, आणि ज्या वर्गात साठ मुले होती तेथेही. फोटो वर गेले. नवोपक्रम सक्तीचा झाला की तो नवा राहत नाही. आमच्या शाळेतील वर्तुळे आता पुसट झाली आहेत. पावसाळ्यात धाकटी मुले त्यांवर बसून चिंचोके खेळतात. तेवढा उपयोग आहेच.

एप्रिल २०२५ मध्ये उलट बाजूचे उदाहरण घडले. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने, २५ एप्रिलपर्यंत, घ्याव्यात असा आदेश आला. शाळा मे महिन्यापर्यंत भरलेल्या राहाव्यात, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण विदर्भातील एप्रिल म्हणजे काय, हे ज्याने पत्र्याच्या छपराखाली दुपारचा पेपर घेतला आहे त्यालाच ठाऊक. विदर्भातून विरोध झाला. आमच्या शाळा जूनमध्ये इतरांहून उशिरा उघडतात ते आम्ही आळशी आहोत म्हणून नव्हे; हे भूगोलाचे पुस्तक तयार करणाऱ्या राज्याला समजावून सांगावे लागावे, याचे वाईट वाटते. गावात मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलांचा हंगाम, मे म्हणजे तेंदूपत्ता. हे दिवस शाळेच्या दिनदर्शिकेत कोठेच नाहीत. मुख्याध्यापकांच्या अधिकारातील दोन सुट्ट्या असतात. त्यांतील एक आम्ही मंडईला देतो आणि दुसरी माघ पौर्णिमेला, कारण कचारगडच्या यात्रेच्या दिवशी आमच्याकडील गोंड मुले तशीही येत नाहीत.

येथवर वाचून माझ्या चळवळीतील काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठी पडेल, आणि ती योग्य आहे. नियम सैल करा, ही मागणी आपल्या समाजाने सावधपणेच केली पाहिजे. नियम जेव्हा स्थानिक माणसाच्या मर्जीवर सोडले गेले तेव्हा आपले काय झाले? जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. एकाला घेतले तर इतर सारे शाळा सोडतील, या हिशेबाने मुंबई सरकारने हात वर केले. स्थानिक परिस्थिती लक्षात घेऊन, हे शब्द तेव्हाही होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले ठराव मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा खुल्या झाल्या, तरी अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या इच्छेवर राहिली आणि महाडला चालून जावे लागले. बाबासाहेब स्वतः ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. प्रवेश मिळाला, पण बसायचे कोठे हे वर्गात ठरत होते. म्हणून ज्या नियमाने माझा विद्यार्थी पहिल्या बाकावर बसतो, ज्या बिंदुनामावलीने माझ्यासारखी शिक्षिका नेमली गेली, तो नियम एक सूतभरही वाकता कामा नये असे मला वाटते. एका पंगतीत पोषण आहार, वेळेवर शिष्यवृत्ती, कायम नेमणुकीचा शिक्षक, घराजवळची शाळा, हे त्याच वर्गातले.

आणि लवचीकतेच्या नावाखाली नेमके हेच सैल होताना दिसते, ही माझी तक्रार आहे. पटसंख्या कमी म्हणून २०१७ च्या सुमारास राज्यातील तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळांचा प्रस्ताव आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शाळा दत्तक देण्याची योजना आली. राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर ठरलेले आहे. जंगलातील वाटेवर, जेथे संध्याकाळी अस्वल दिसते, तेथे त्या एका किलोमीटरचा अर्थ मुलीच्या शाळेचा शेवट किंवा चालू राहणे इतका सरळ असतो. वाहनभत्ता देऊ, असे सांगितले जाते. महावग्गात संख्या भरत नाही म्हणून अवंतीतील संघ बंद करा आणि उपसंपदेसाठी मगधात या, असे कोणी म्हटले नाही. संख्या खाली आणली, विनयाचा जाणकार ठेवला. आपल्याकडे संख्या ताठ राहते आणि जाणकार सैल होतो: सतरा मुलांना एक शिक्षक, तोही कंत्राटी, तोही निवडणूक यादीच्या कामावर.

शेजारच्या गडचिरोलीतील एक प्रकरण मला या दोन्ही बाजूंच्या मधोमध उभे दिसते. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी भाषेतून शिकविणारी शाळा सुरू केली, गोटुलाच्या परंपरेला धरून. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवून बंद करण्याची नोटीस दिली, शिक्षण हक्क कायद्यातील दंडाच्या तरतुदीचा इशारा दिला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. मान्यतेशिवाय शाळा चालवू नये, हा नियम कशासाठी आहे? दुकानदारी करणाऱ्या शाळांपासून गरिबांच्या मुलांचे रक्षण व्हावे म्हणून. तो मी मोडा म्हणणार नाही. पण त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये, शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावी, असेही आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याविषयी सांगितले आहे. एक कलम हातात घेऊन नोटीस निघते. दुसरे हातात घेऊन गोंडी जाणणारा शिक्षक मात्र नेमला जात नाही. बुद्धवचन छांदस भाषेत बांधावे, अशी विनंती दोन ब्राह्मण भिक्खूंनी केली तेव्हा तथागतांनी ती नाकारून ज्याने त्याने आपल्या भाषेत शिकावे अशी अनुज्ञा दिली, हे आपल्या विद्यालयातील मुलांना मी अनेकदा सांगितले आहे. तेच मी माझ्या पहिलीच्या वर्गात पाळते. पोवारीत गोष्ट सांगणारे मूल ‘चूक’ बोलत नाही. त्याला पुस्तकातली मराठी यायला दिवाळीपर्यंत वेळ मिळाला की ते ती बोलू लागते. पायाभूत चाचणी मात्र तेवढी थांबत नाही.

माझ्या विषयातील एक काम सांगून थांबते. १९५४ साली बाबासाहेबांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. आज ज्याला आपण गोंदिया जिल्हा म्हणतो तो तेव्हा भंडाऱ्यातच होता. सातवीच्या मुलांना मी विचारले, तुमच्या गावातील कोणाला ते दिवस आठवतात? मुले वह्या घेऊन निघाली. तीन आठवड्यांत त्यांनी ऐंशी ओलांडलेल्या नऊ वृद्धांना गाठले. कोणी सभेला बैलगाडीने गेल्याचे सांगितले. कोणाच्या वडिलांनी मताच्या दिवशी मालकाची मजुरी बुडविली होती. एका आजींना एवढेच आठवत होते की, घरात हरल्याची बातमी आली त्या रात्री चूल पेटली नाही. मुलांनी ते जसेच्या तसे, झाडीबोलीत, उतरवून घेतले. त्या निवडणुकीत बाबासाहेब पराभूत झाले हे त्यांना पुस्तकातही मिळाले असते. चूल पेटली नाही हे त्यांनीच मिळविले. भेटीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी वही चाळून विचारले, “हे कोणत्या घटकात बसते?” मी २०१० च्या शासन निर्णयातील आठ साधनांपैकी पाचव्यावर बोट ठेवले: प्रकल्प. त्यांनी वही अर्धा तास वाचली आणि शेरेबुकात चांगला शेरा लिहिला. त्या नऊ वृद्धांपैकी आता तिघे हयात आहेत. आपल्या विद्यालयाच्या ग्रंथालयात त्या वह्यांची एक प्रत मी या वर्षी दिली आहे.

रोवण्याच्या घंटेचे मात्र नवे कोडे झाले आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे ८ फेब्रुवारी २०२४ च्या परिपत्रकाने ठरले. लहान मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा विचार, आणि रात्री उशिरा निजणाऱ्या शहरातल्या मुलांसाठी तो बरोबरही असेल. आमच्याकडे कुलूप अजून आठलाच लागते. मग पाचवी ते सातवीची मुले वर्गात आणि त्यांची धाकटी भावंडे तासभर ओसरीवर, दप्तर मांडीवर घेऊन, अशी सध्या व्यवस्था आहे. कधी एखादी थोरली बहीण वर्गातून उठून त्यांना पाणी पाजून येते. रोवण्याच्या तीन आठवड्यांपुरती पहिली ते चौथीलाही आठची वेळ मिळावी, असा समितीचा ठराव आम्ही गेल्या मार्चमध्ये वर पाठविला आहे, तासांच्या बेरजेसह. आपल्यापैकी जे माजी विद्यार्थी आपापल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत आहेत त्यांनी तसाच ठराव जूनच्या सभेत घेतला तर एका शाळेऐवजी दहा-पंधरा शाळांचा कागद एकाच टेबलावर जाईल. ठरावाचा नमुना आणि अनुसूचीची प्रत विद्यालयाच्या कार्यालयात ठेवली आहे. आमच्या अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे.